आत्याच्या आजाराचा पुरावा

फॉर्म चार पानांचा होता. मी हिंगोलीत शाळेत शिकवते, आणि शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर मी हिंगोलीच्या डेपोतून पुसेगावची एसटी धरली, तेव्हा डोक्यात असं होतं की तासाभरात फॉर्म भरायचा, आईच्या हातचं जेवायचं आणि चारच्या गाडीनं परत फिरायचं. त्या फॉर्मनं पुढं पाच आठवडे घेतले, आणि ते पाच आठवडे मला एका जागी नीट बसता आलं नाही.

फॉर्म माझ्या आत्याचा होता. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आता सेहेचाळीस वर्षांची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. ती भिंतीकडं तोंड करून बोलते आणि भर उन्हात उठून चालायला लागते, एवढं सांगून ते निघून गेले. मला कळायला लागल्यापासून ती आमच्या घरात आहे आणि सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी घेते आहे. गोळी चालू असली की ती गोधड्या शिवते, तूर निवडते, शेजारच्या लेकरांच्या वेण्या घालते. गोळी चुकली की आठ-दहा दिवसांत सगळं फिरतं.

पाच वर्षांपूर्वी वडिलांनी खूप हेलपाटे घालून तिला मानसिक आजाराचं अपंगत्व प्रमाणपत्र काढून दिलं. त्यावर निराधार योजनेतून तिचा महिना सुरू झाला. गावात त्याला पगार म्हणतात, आणि आत्याही म्हणायची, माझा पगार. प्रमाणपत्राच्या तळाला बारीक अक्षरांत छापलेलं होतं, की हे तात्पुरतं आहे आणि पाच वर्षांनी फेरतपासणी होईल. वडिलांनी ते वाचलं असणार. पण ते दोन वर्षांपूर्वी गेले, आणि मागं राहिलेल्या आम्हा तिघींपैकी कुणीच ते कधी वाचलं नव्हतं. कोतवाल दारावर येऊन सांगून गेला, की फेरतपासणीचा फॉर्म आणि दवाखान्याचे कागद दिले नाहीत तर पगार बंद होईल. तेव्हा आईनं मला फोन केला.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, वय. ते झालं. दुसऱ्या पानावर विचारलं होतं, आजार कधीपासून आहे, आजवर कुठं कुठं उपचार घेतले, सोबत कागद जोडा. मी आईकडं कागद मागितले. आईनं कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणून माझ्यापुढं ठेवली. तिच्यात प्रमाणपत्र होतं, आधार कार्ड होतं आणि दवाखान्याची एकच चिठ्ठी होती. ती कधीतरी पाण्यात भिजलेली. निळी शाई पसरून गेली होती आणि गोळीच्या नावाची पहिली दोन अक्षरं तेवढी लागत होती. बाकी पिशवी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरली होती. आई ती रबर लावून जपून ठेवायची, कारण मेडिकलवर तेच दाखवून नवीन गोळ्या आणायच्या.

मी विचारलं, बाबांची हिरवी फाईल कुठं आहे? त्यात तर सुरुवातीपासूनचं सगळं होतं. हिंगोलीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नांदेडला भरती केलं होतं तेव्हाचा कागद, सगळं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती आखाड्यावर नेऊन ठेवली व्हती. वाळवी लागली."

"शेतात कशाला नेली?"

"तुझ्या लग्नाच्या टायमाला नेली. पाव्हणे येऊन राहिले व्हते. घरात कुणाच्या हाताला लागली असती तर?"

आत्या समोरच भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि चारची गाडी असताना तीनलाच फाट्यावर जाऊन उभी राहिले.

इथं मला चार वर्षं मागं जावं लागेल. माझी सोयरीक जमली तेव्हा घरात एकच धास्ती होती, की पोराकडच्यांना आत्याचं कळलं तर मोडेल. असं घराण्यात असतं, लेकरांत उतरतं, असं लोक बोलतात. साखरपुड्याच्या आधी दोन दिवस आईनं आत्याला माझ्या मामाकडं, नरसीला पाठवलं. मामीला मदतीला बाई पाहिजे, असं कारण सांगितलं. सोयरीक जमल्यावर लग्न लगेचच उरकलं, त्यामुळं साखरपुडा ते लग्न ती तिकडंच राहिली. सोयरीक जमायच्या आधीच माझ्या लग्नासाठी म्हणून तिनं सहा महिने बसून एक गोधडी शिवली होती, जुन्या नऊवारींचे तुकडे जोडून. गोधडी माझ्यासोबत हिंगोलीला आली. आत्या लग्नाला नव्हती. ती गेली त्या सकाळी मी तिला थांब म्हणाले नाही. खरं सांगायचं तर ती गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

नवऱ्यालाही मी तिच्या आजाराचं सांगितलं नव्हतं. आत्या अबोल आहे, नवऱ्यानं टाकलेली आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर माहिती देणाऱ्या नातेवाइकाचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर लिहायचा होता. आईला लिहिता येत नाही. म्हणजे नाव माझं, पत्ता माझ्या सासरचा. शाळेत वह्या तपासताना मला तो रकाना दिसायचा. एका दिवशी मी एका पोरीच्या बरोबर उत्तरांवर फुल्या मारत गेले आणि तिनं धीर करून विचारलं तेव्हा भानावर आले.

पहिल्यांदा मी मेडिकलवाल्या चाचांकडं गेले. हळदीच्या मार्केटकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं जुनं दुकान आहे. वडील असताना वडील आणि नंतर मी, आत्याच्या गोळ्या तिथूनच नेत आलो. त्यांना आत्याचं सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी कुणाजवळ काढलं नाही. मी म्हणाले, चाचा, इतक्या वर्षांत नेलेल्या गोळ्यांची बिलं मिळतील का? नाहीतर तुम्ही तसं लिहून द्या.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गिऱ्हाईक होतं, ते जाऊ दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, की डॉक्टरसाहेबांचा दवाखाना बंद झाल्यापासून मी या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊन राहिलो. त्याचं बिल मी बनवलं नाही, बनवता येत नाही. तुझे वडील हात जोडून म्हणाले होते, की गोळी बंद पडली तर बहीण हातची जाईल. म्हणून दिल्या.

"आता बिल बनवलं तर मागची तारीख टाकून खोटं बनवावं लागेल, बेटी. ते माझ्याकडून होणार न्हाई. आन चिठ्ठीबिगर दिलं ही माझी चूकच हाय. पुढच्या बारीला डॉक्टरचा ताजा कागद घेऊन ये."

मला राग आला, आणि राग यायला काही जागा नव्हती म्हणून तो जास्तच आला. तीन वर्षं ज्या माणसामुळं आत्या बरी राहिली, त्याचा उपकार कागदावर कुठंच येणार नव्हता. उलट तो कागदावर आला असता तर तोच अडकला असता. वर आता पगाराचंच नाही, गोळ्यांचंही बघायचं होतं. पाकिटात जेमतेम महिन्याच्या गोळ्या उरल्या होत्या.

निघताना चाचांनी डॉक्टरांचा नंबर दिला. डॉक्टर दवाखाना बंद करून लेकाकडं पुण्याला राहायला गेले होते. मी शाळेच्या मागच्या लिंबाखाली उभी राहून फोन लावला. त्यांचा आवाज थकलेला होता. वडिलांचं नाव सांगितल्यावर त्यांना वडील आठवले. मोटारसायकलवर बहिणीला मागं बसवून, तिच्या पदराची आपल्या कमरेला गाठ मारून आणायचे, हेही आठवलं. आत्या काही आठवेना. त्यांचे जुने कागद दवाखाना रिकामा करताना गेले होते. नुसत्या आठवणीवर दाखला देणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाले, "कागद कमी असले की घरच्यांनी काय पाहिलं ते वेगळ्या पानावर लिहून जोडा. तपासणी मंडळातले डॉक्टर ते वाचतात. आणि लिहिताना तिला विचारून लिहा."

तिला विचारून. हे चोवीस वर्षांत आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पण मी लगेच तसं केलं नाही. मी सोपा रस्ता शोधत राहिले. हिंगोलीत ऑफिसांच्या पुढं ऑनलाईन फॉर्म भरून देणारी बरीच दुकानं आहेत. आत्याचा फोटो आणि अंगठा लागणार होता, म्हणून आई तिला घेऊन हिंगोलीला आली आणि आम्ही तिघी एका दुकानात गेलो. दुकानदार अनुभवी होता. त्यानं फॉर्म चाळला, आत्याकडं बघितलं. आत्या विंचरलेल्या केसांची, पदर नीट घेतलेली, हातात रुमाल धरून बसलेली. तो मला म्हणाला, असं चालणार नाही मॅडम. तिसऱ्या पानावर रोजची कामं जमतात का विचारलंय, तिथं सगळीकडं नाही-नाही लिहा. आंघोळ करता येत नाही, जेवता येत नाही, मारते, फोडते, असं लिहा. आणि बोर्डाच्या दिवशी डोकं विंचरू नका, फाटकं लुगडं नेसवा. दोन दिवस गोळी नाही दिली तरी चालतं, डॉक्टरला दिसायला पाहिजे.

तो वाईट माणूस नव्हता. पगार बंद पडू नये म्हणूनच तो सांगत होता. आई मान हलवत होती. मी तिसरं पान उघडून पेन हातात घेतलं होतं.

आत्या उठली. दुकानाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली. मी मागोमाग गेले. मला भीती वाटली, की ही आता चालायला लागते. पण ती तिथंच उभी राहिली आणि मला म्हणाली,

"मी फोडलं व्हतं का गं कधी काही?"

मी नाही म्हणाले.

"मग त्यो काहून म्हणून राहिला?"

आम्ही फॉर्म तसाच घेऊन निघालो. आई माझ्यावर चिडली. तिचंही बरोबर होतं. पगार बंद झाला तर आत्याचं पुढं काय, मी मेल्यावर काय, तू तर तुझ्या घरी, असं ती डेपोपर्यंत बोलत राहिली. आत्या आमच्या दोन पावलं मागं चालत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी मी पुसेगावला गेले. ओसरीवर सतरंजी टाकली, फॉर्म आणि कोरे कागद घेतले आणि आत्याला समोर बसवलं. आईला म्हणाले, तू पण बस, पण मधे बोलू नको. मग मला सुरुवातच करता येईना. आपल्याला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईला तोंडावर कसं विचारायचं, की तुला वेड लागतं तेव्हा काय होतं. मी पेनचं टोपण काढत होते, घालत होते. एकदा उठून पाणी पिऊन आले. शेवटी आत्याच म्हणाली, "मी सांगते, तू लिही."

ती जे बोलली ते मी जमेल तसं लिहून घेतलं. ती सलग बोलत नव्हती. मधेच थांबायची, शेजारी पडलेला सुईदोरा उचलायची, परत ठेवायची.

तिनं सांगितलं, की आवाज गोळी चालू असतानाही येतात, पण लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखे. तेव्हा त्यांच्याकडं दुर्लक्ष करता येतं. गोळी चुकली की ते जवळ येतात, नाव घेऊन बोलतात. गिरणीचा आवाज, मिक्सरचा आवाज सुरू झाला की त्याच्या आत माणसं बोलायला लागतात, म्हणून ती दळणाला जात नाही. लोकांना वाटतं आळशी आहे. गोधडीचे टाके मोजत बसलं की डोकं एका जागी राहतं, म्हणून ती गोधड्या शिवते. बाजारात एकटी गेली की परतीची वाट हरवत नाही, पण चार लोक हसले तर ते आपल्यालाच हसले असं वाटून पाय उचलत नाही. आंघोळ करते, पण कधी कधी पाण्यातून कुणी बघतंय असं वाटून तीन-तीन दिवस करत नाही. तेव्हा आई करवते. स्वयंपाक येतो, पण चुलीजवळ एकटं ठेवत नाहीत, कारण एकदा ती भाकर तव्यावर टाकून उठून गेली होती.

आई हे ऐकत होती. गिरणीच्या आवाजाचं तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती आत्याला दळणाच्या डब्यावरून बोलत आली होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि तशीच बसून राहिली.

मी पुढचा प्रश्न वाचला. उपचारात खंड पडला होता का, पडला असल्यास कधी आणि का?

आत्या म्हणाली, "तुझ्या लग्नात."

मी आईकडं बघितलं. मला वाटलं तिची काहीतरी गल्लत होत आहे. लग्नानंतर ती आजारी पडली होती, एवढं मला फोनवर कळलं होतं. दोन महिने तिचे फार हाल झाले, पुन्हा नांदेडला न्यावं लागलं. सगळे म्हणाले होते, की लग्नाच्या गडबडीनं झालं. ती तर लग्नाला नव्हतीच, मग गडबड कसली, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

"नरसीला गोळ्या दिल्या न्हाईत संगं," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. "मामी बघंल, विचारंल, मंग पाव्हण्यात बोलणं जाईल, म्हणून. मी मागितल्या व्हत्या. दादा म्हणे, आठ दिवसानं काय व्हतंय. आठाचे सतरा झाले."

आई रडायला लागली. म्हणाली, मीच नको म्हणाले होते. तुझ्या बाबांनी ऐकलं. माझा हात चालूच होता, पण तिनं सांगितलं ते न लिहिता मी लिहिलं, "घरगुती कारणामुळे." एवढे दोनच शब्द. मग पान उलटलं आणि पुढचं विचारलं.

आत्या सातवीपर्यंत शिकलेली आहे, हे मी विसरले होते. सगळं संपल्यावर तिनं कागद मागितला, बोट ठेवून ओळ न ओळ वाचला. त्या ओळीवर बोट थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कागद परत दिला.

मी ते पान घेऊन हिंगोलीला आले. सोमवार गेला, मंगळवार गेला. वर्गात शिकवत असताना, भाजी घेत असताना, ते दोन शब्द माझ्यासोबत फिरत होते. फॉर्म देऊन मोकळं व्हावं असं वाटायचं आणि पाय वळायचे नाहीत. बुधवारी शाळेला सुट्टी होती. दुपारी नवरा जेवायला घरी आला, तेव्हा मी ताट वाढून त्याच्यापुढं बसले आणि त्याला सगळं सांगितलं. आत्याचा आजार, हिरवी फाईल, नरसी, गोळ्या. तो जेवता जेवता थांबला. चार वर्षं काहून सांगितलं नाही, एवढं त्यानं विचारलं. तू सोयरीक मोडशील म्हणून, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "मोडलं असतं का न्हाई, मला बी आता सांगता येत न्हाई." आणि हात धुऊन कामावर गेला. तीन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला त्याचा राग आला नाही. खोटा धीर दिला असता तर कदाचित आला असता.

त्याच दुपारी मी नवा कागद घेतला आणि ते पान पहिल्यापासून लिहिलं. खंडाच्या प्रश्नापुढं लिहिलं, की माझी सोयरीक मोडू नये म्हणून आम्ही तिचा आजार लपवला, तिला सतरा दिवस औषधाशिवाय दुसऱ्या गावी ठेवलं, त्यामुळं ती दोन महिने गंभीर आजारी होती. त्याच कारणासाठी तिची जुनी कागदपत्रं घरातून हलवली आणि ती नष्ट झाली. यात तिचा दोष नाही. खाली माझी सही, माझ्या सासरचा पत्ता, माझा नंबर. दुसऱ्या दिवशी ते फॉर्मला जोडून दिलं आणि तपासणीची तारीख घेतली.

तपासणीच्या दिवशी नवऱ्यानं ओळखीच्या माणसाची रिक्षा सांगितली आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात नेऊन सोडलं. तो आत आला नाही, पण थांबला. आत्यानं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि आईनं तिच्या डोक्याला तेल लावलं होतं. बाकावर गर्दी होती. पंख्याला घरघर होती आणि मी आत्याच्या तोंडाकडं बघत होते, की हिला त्यात काही ऐकू येतंय का. येत असावं. ती ओठ न हलवता काहीतरी मोजत होती.

आतमध्ये डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, उपचाराचा पुरावा काहीच नाही. मग वेगळं पान वाचलं. सावकाश वाचलं, एकदा मागं जाऊन परत वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही. आत्याला विचारलं, घरी काय करता, कोणाशी बोलता, झोप लागते का. आत्यानं उत्तरं दिली, सरळ आणि थोडक्यात. उत्तरं फारच नीट होती. दुकानदार सांगत होता तेच झालं, आता ह्या म्हणणार की ही तर बरी आहे.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "आत्ता या खोलीत आवाज येतोय का?"

आत्यानं वर बघितलं. मग म्हणाली, "व्हय. पंख्यात."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, ही बाई तुला नापास करणार."

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. नंतर आम्हाला समजावून सांगितलं, की आजार आहे हे मला दिसतंय, पण चालू उपचाराच्या नोंदीशिवाय मंडळ अपंगत्वाचे टक्के ठरवू शकत नाही. आजपासून इथला केसपेपर सुरू करू, गोळ्याही इथूनच मिळतील. तीन महिने दर महिन्याला यायचं, मग मंडळापुढं ठेवू. तोवर पगार थांबेल, त्याला इलाज नाही.

पगार चार महिने थांबला. आई त्या काळात मला बरंच बोलली, आणि दर महिन्याला आत्याला घेऊन न चुकता आली. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. पाच वर्षांचं नाही, दोन वर्षांचं. आधीपेक्षा टक्के थोडे कमी झाले, पण पगारापुरते होते. दाखवायला गेले तेव्हा चाचांनी ते दोन्ही हातांनी धरून वाचलं आणि परत दिलं. नवरा आता पुसेगावला येतो तेव्हा आत्याशी दोन वाक्यं बोलतो. सासूबाईंना त्यानं काय सांगितलं मला ठाऊक नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि त्या विचारतील असं मला अजून वाटत राहतं.

गेल्या महिन्यात आईचा गुडघा धरला होता आणि मला शाळा सोडून पुसेगावला घ्यायला जाता येईना. आत्या म्हणाली, मी एकटी येते. आईनं तिला फाट्यावर गाडीत बसवून मला फोन केला. मी दुपारच्या सुट्टीत डेपोत जाऊन उभी राहिले. पुसेगावची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. त्या वीस मिनिटांत मी दोनदा चौकशीच्या खिडकीवर गेले आणि तीन वेळा आईला फोन लावला. शिवाय हेही मनात आलं, की ही एकटी आली असं डॉक्टर बाईंना कळलं तर पुढच्या फेरतपासणीत ते आपल्या विरोधात जाईल का. मग असा विचार आल्याची लाज वाटली.

गाडी आली. आत्या सगळ्यांच्या शेवटी उतरली. तिचं ब्लाऊज घामानं भिजलं होतं आणि पिशवीचे बंद मुठीत आवळलेले होते.

"लई भेव वाटलं," ती म्हणाली. "मागल्या सीटवरचे सारे मलाच बोलून राहिले व्हते. आता पुन्हा एकटी येणार न्हाई मी."

मी म्हणाले, बरं, मी घ्यायला येत जाईन. चालता चालता मी अडखळत विचारलं, की एकटी आलीस हे डॉक्टर बाईंना सांगायचं का, की राहू द्यायचं.

"सांगायचं," आत्या म्हणाली. "आले ते बी आन भेव वाटलं ते बी."

रस्ता ओलांडताना तिनं माझं मनगट धरलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ते सोडलं नाही.